पेरू-गुलाबाचे सरबत



आपले राहाता पेरूसाठी प्रसिद्ध आहे. नगर-मनमाड रस्त्याने जाताना पेरूच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. आता आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण रस्त्याला सगळे अजून नगर-मनमाड रस्ताच म्हणतात. पेरूसारखीच आपल्या तालुक्यात फुलेही खूप होतात, कारण शिर्डी जवळ आहे. श्री साईसच्चरितात असे सांगितले आहे की, साईबाबांनी शिर्डीत फुलबाग लावली तेव्हा झेंडू, जाई आणि जुईची रोपे राहात्याहून आणली होती. म्हणजे राहात्याची फुले तेव्हापासून शिर्डीला जातात.

फळ आपले आणि फूलही आपले. मग या दोघांचे मिळून सरबत करता येईल का? या लेखात मी त्याची माहिती देणार आहे. कृती तर सांगणार आहेच. पण कोणते फूल चालते आणि कोणते चालत नाही, हे त्याहून महत्त्वाचे आहे. ते नीट वाचा.

नावांची गंमत

सरबत हा शब्द अरबी भाषेतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ 'पिणे' असा आहे. गुलाब हा शब्द फारसी आहे. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. म्हणजे गुलाब हे आधी फुलाच्या पाण्याचे नाव होते, नंतर ते फुलालाच मिळाले. पेरूचे झाड मूळचे अमेरिका खंडातले. ते पोर्तुगीजांनी भारतात आणले. आज मात्र पेरू परका आहे असे म्हटले तर राहात्यात कोणाला खरे वाटणार नाही.

आपल्याकडे लावतात त्या पेरूच्या एका जातीचे नाव सरदार. तिलाच लखनौ-४९ असेही म्हणतात. नाव लखनौचे असले तरी ही जात पुण्याला गणेशखिंड येथे निवडून तयार केलेली आहे. तिचा गर पांढरा, गोड आणि मऊ असतो.

साखरही आपल्या तालुक्यातलीच म्हणायची. आपल्या तालुक्यातील लोणीला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आहे. तो आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना समजला जातो. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन तो उभा केला. १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले.

कोणता गुलाब घ्यावा?

हा प्रश्न सर्वांत मोठा आहे. आमच्या शेजारचे बापू गुलाबाची शेती करतात. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शिर्डीचे मंदिर बंद झाले. नंतर मंदिर उघडले, तरी हार-फुले आत न्यायला बंदी होती. ती डिसेंबर २०२४ मध्ये उठली. मधल्या काळात गुलाबाला गिऱ्हाईक कमी झाले. पुष्कळ लोक म्हणत, "फुलं खपत नाहीत तर सरबत करा, गुलकंद करा." मलाही ते बरोबर वाटत होते. म्हणून मी बापूंना विचारले, "बापू, तुम्ही उरलेल्या फुलांचं सरबत का करत नाही?"

बापू म्हणाले, "अगं पोरी, ही फुलं देवाला वाहायची. ती खायची नाहीत. यांच्यावर आम्ही आठवड्याला फवारणी करतो. किडीचं औषध वेगळं, करप्याचं वेगळं, भुरीचं वेगळं. सरबत पिऊन पोरं आजारी पडली तर?"

मी विचारले, "धुतली तर?"

बापू म्हणाले, "धुऊन वरची धूळ जाते. काही औषधं झाडाच्या आत जातात. ती धुऊन कशी निघतील?"

मग मला समजले. फळे आणि भाज्या खायच्या असतात, म्हणून फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायच्या हे ठरलेले असते. हाराची फुले कोणी खाणार असे धरलेलेच नसते. म्हणून बाजारातला हार, पुष्पगुच्छ, देवळातले निर्माल्य, दुकानातले लांब दांड्याचे गुलाब, यांपैकी काहीही सरबतात घालू नये. फूल ताजे दिसले तरी घालू नये. ते फुकट मिळाले तरी घालू नये.

मग कोणता गुलाब घ्यावा? घराच्या परसात असतो तो गावठी गुलाब घ्यावा. त्याची फुले लहान, गुलाबी आणि फार वासाची असतात. त्याला भांडी धुतलेले पाणी आणि शेणखत एवढेच मिळते. त्याच्यावर कोणी फवारणी करत नाही. आपल्या घरी नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना दोन प्रश्न विचारावेत: यावर औषध मारता का? शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने इकडे येते का? दोन्हीचे उत्तर 'नाही' असेल तरच फुले घ्यावीत.

आणखी एक गोष्ट लहान मुलांनी लक्षात ठेवावी. प्रत्येक सुंदर फूल खायचे नसते. कण्हेर विषारी आहे. धोत्रा विषारी आहे. ओळख नसलेले फूल तोंडात घालू नये.

साहित्य (आठ पेल्यांसाठी)

आमची आमटीची वाटी १५० मिलिलिटरची आहे. गुरुजींच्या मापनपात्राने मी ती मोजून घेतली. खालचे माप त्या वाटीचे आहे.

पाकासाठी:
गावठी गुलाबाच्या पाकळ्या – दोन वाट्या, दाबून (सुमारे वीस फुले)
साखर – दोन वाट्या
पाणी – दोन वाट्या
लिंबू – एक

सरबतासाठी:
पिकलेले पेरू – अर्धा किलो
तयार पाक – एक वाटी
उकळून गार केलेले पाणी – पाच वाट्या (एक गरासाठी, चार नंतर)
लिंबू – एक
मीठ – चिमूटभर

एका वेळच्या पाकात तीन वेळा सरबत होते.

पूर्वतयारी

एका झाडाला एका दिवशी वीस फुले मिळत नाहीत. यासाठी आजीने एक युक्ती सांगितली. रोज सकाळी ऊन व्हायच्या आधी चार-पाच फुले तोडायची. पाकळ्या सोडवायच्या. बारीक किडे आहेत का पाहायचे. पाकळ्या धुऊन स्वच्छ फडक्यावर पूर्ण कोरड्या करायच्या. मग काचेच्या कोरड्या बरणीत पाकळ्यांचा एक थर आणि मोजून घेतलेल्या साखरेचा एक थर असे घालत जायचे. चार-पाच दिवसांत वीस फुले जमतात. साखरेमुळे ती सडत नाहीत. हा गुलकंदाचाच लहान भाऊ आहे. बरणीत ओला चमचा घालायचा नाही, नाहीतर बुरशी येते.

पेरू पिवळे झालेले आणि वासाचे घ्यावेत. पण प्रत्येक पेरू कापून आत पाहावा. पावसाळ्यातल्या पेरूत फळमाशीच्या पांढऱ्या अळ्या फार असतात. पेरू वरून चांगला दिसतो आणि आत अळी असते. मृग बहाराचा पेरू थंडीत येतो. तो चवीलाही चांगला असतो आणि त्यात अळीही कमी असते.

पाण्याला उकळी फुटल्यावर पाच मिनिटे उकळू द्यावे आणि झाकून गार करावे. काही लोक म्हणतात, सरबतात लिंबू असते, मग पाणी उकळायचे कशाला? पण लिंबाने पाण्यातले रोगजंतू मरतीलच असे नाही. हगवण, कावीळ, विषमज्वर हे रोग घाण पाण्यातून येतात. सरबत थंडच प्यायचे असते, म्हणून त्यात घालायचे पाणी आधीच शुद्ध असले पाहिजे.

बर्फाची लादी आणून फोडून घालू नये. मासे आणि इतर माल गार ठेवायला जो बर्फ करतात, तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून अशा बर्फाला निळा रंग द्यायचा नियम झाला आहे. सरबत गार हवे असेल तर उकळलेले पाणी नव्या माठात रात्रभर ठेवावे. थंडीच्या दिवसांत तेवढे पुरते.

कृती

१. स्टीलच्या पातेल्यात दोन वाट्या पाणी उकळावे आणि गॅस बंद करावा. चुलीजवळचे काम मोठ्या माणसाने करावे.

२. त्यात बरणीतल्या साखर लागलेल्या पाकळ्या आणि उरलेली साखर घालावी. दोन तास झाकून ठेवावे. मधून मधून ढवळावे. पाकळ्यांचा रंग पाण्यात उतरतो आणि त्या फिक्या होतात.

३. स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावे. पाकळ्या पिळून काढाव्यात.

४. गाळलेले पाणी पुन्हा गॅसवर ठेवून फक्त एक उकळी आणावी. जास्त उकळले तर वास उडून जातो.

५. गार झाल्यावर एका लिंबाचा रस गाळून घालावा. जवळजवळ तीन वाट्या पाक होतो. तो कोरड्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावा आणि आठ दिवसांत संपवावा.

६. पेरू धुऊन फोडी कराव्यात. एक वाटी पाणी घालून रवीने घुसळावे किंवा हाताने कुस्करावे. मिक्सर असेल तर अगदी थोडा फिरवावा. जास्त फिरवला तर बिया फुटतात आणि सरबत कचकच लागते.

७. हा गर पुरणाच्या चाळणीतून हाताने दाबून गाळावा. बिया वर राहतात. खाली सुमारे तीन वाट्या गर मिळतो. गर शिजवायचा नाही.

८. गरात एक वाटी पाक, चार वाट्या पाणी, एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून ढवळावे. लगेच पेल्यात ओतावे.

पांढऱ्या पेरूचे सरबत फिकट गुलाबी होते. पहिल्या घोटाला गुलाबाचा वास येतो आणि मागून पेरूची चव येते.

एक सूचना: हे सरबत पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात करू नये. आंबट पदार्थ त्यात कळकतो आणि पोटात मळमळते. आजीच्या लहानपणी कल्हईवाला गावात यायचा. आता स्टील आहे, म्हणून प्रश्न नाही.

असे का?

गुरुजी म्हणतात, कृती सगळ्यांना येते, पण 'असे का?' हा प्रश्न विचारला पाहिजे. म्हणून मी तीन गोष्टींचा अभ्यास केला.

पहिली गोष्ट: पेरू का शिजवायचा नाही? पेरूत क जीवनसत्त्व खूप असते. १०० ग्रॅम पेरूत ते सुमारे २०० मिलिग्रॅम असते आणि १०० ग्रॅम संत्र्यात सुमारे ५० मिलिग्रॅम. म्हणजे पेरूत संत्र्याच्या चौपट! हिरड्यांना आणि जखमा भरून यायला क जीवनसत्त्व लागते. पण उष्णतेने ते कमी होते. म्हणून पाकाला उकळी आणायची आणि पेरूचा गर मात्र कच्चा ठेवायचा.

दुसरी गोष्ट: शिजवला तर काय होते, हेही आम्ही करून पाहिले. एक वाटी गर, पाऊण वाटी साखर आणि लिंबू घालून आजीने आटवला. तो सकाळपर्यंत थिजला आणि चमच्याने कापता येऊ लागला. पेरूत पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. साखर, आंबटपणा आणि उष्णता मिळाली की तो जेलीसारखा थिजतो. म्हणजे त्याच पेरूपासून न शिजवता सरबत होते आणि शिजवून जेली होते.

तिसरी गोष्ट: लिंबाने रंग का बदलतो? हा प्रयोग वर्गातही करता येईल. गुलाबाच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून गाळा. साखर घालू नका. ते पाणी तीन काचेच्या पेल्यांत घ्या. पहिला पेला तसाच ठेवा. दुसऱ्यात लिंबाचे चार थेंब पिळा. तिसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. माझे निरीक्षण असे:

पहिला पेला – मळकट, फिका रंग.
दुसरा पेला – लगेच लखलखीत गुलाबी.
तिसरा पेला – हिरवट!

पाकळ्यांतला रंग आंबट पदार्थात लाल होतो आणि सोड्यासारख्या पदार्थात हिरवट होतो. म्हणून गुलाबाचे पाणी जिभेने न चाखता आंबट ओळखू शकते. आणि म्हणूनच आपल्या सरबतात बाहेरचा रंग घालावा लागत नाही. तिसरा पेला प्यायचा नाही, तो प्रयोगाचा आहे.

हिशेब

आम्ही सरबत केले तेव्हाचा खर्च असा झाला. अर्धा किलो पेरू २० रुपये. आठ पेल्यांना लागलेली साखर ४ रुपये. लिंबे ६ रुपये. एकूण ३० रुपये. ३० ला ८ ने भागले तर पावणेचार रुपये. म्हणजे एका पेल्याला चार रुपयांपेक्षा कमी. गॅस आणि आपली मेहनत यात धरलेली नाही.

साखरेचाही हिशेब मांडला. एका वाटीत चहाचे ३० चमचे साखर बसते. दोन वाट्यांत ६० चमचे. तीन वाट्या पाकात ६० चमचे, तर एक वाटी पाकात २० चमचे. आठ पेल्यांत २०, म्हणजे एका पेल्यात अडीच चमचे. हे कमी नाही. घरचे असले तरी साखर ती साखरच. म्हणून हे सरबत सणासुदीला किंवा पाहुणे आल्यावर करावे, रोज पिऊ नये. पेरू खूप गोड असतील तर एक वाटीऐवजी पाऊण वाटी पाक पुरतो. ज्यांना डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, त्यांनी नुसता पेरू मीठ लावून खावा, तोही डॉक्टरांना विचारून.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही चोवीस पेले केले होते. पेरूचा हंगाम तेव्हाच असतो. वाणाबरोबर बायांना हे सरबत दिले. बऱ्याच जणींनी कृती विचारली. पण एका काकूंनी आधी विचारले, "फुलं कुठली गं?" मला तो प्रश्न सर्वांत जास्त आवडला.

सरबत उरले तर?

उरवू नये. त्याच दिवशी संपवावे. उघड्यावर रात्रभर राहिले तर हवेतले आणि फळावरचे सूक्ष्म जीव त्यातली साखर खातात. फेस येतो, बुडबुडे येतात, आंबूस वास येतो. याला आंबणे म्हणतात. फळांच्या रसाची दारू याच रीतीने होते. म्हणून फेस आलेले सरबत कितीही महागाचे असले तरी ओतून द्यावे. ते लहान मुलांना देऊ नये.

मला काय वाटते

पूर्ण पिकलेला पेरू व्यापारी घेत नाही. त्याला दूर न्यायला कडक पेरू हवा असतो. मऊ पेरू बांधावर पडतात किंवा जनावरांना घालतात. सरबताला मात्र तोच पेरू सर्वांत चांगला. घरोघरी दोन-चार किलो जरी असे वापरले, तरी तेवढे फळ वाया जाणार नाही.

फुलांचे मात्र तसे नाही. उरलेली फवारणीची फुले पिण्याच्या कामाची नाहीत, हे आता आपल्याला कळले. पण ज्यांच्याकडे गुलाबाचे शेत आहे, त्यांनी घराजवळ गावठी गुलाबाचा एक वाफा वेगळा ठेवावा आणि त्यावर फवारणी करू नये. मी हे बापूंना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "बिनफवारणीच्या झाडाला कीड लागते, फुलं कमी येतात. पण घरच्यापुरती चार झाडं लावून बघू." येत्या पावसाळ्यात ते कलमे लावणार आहेत. आपल्या शाळेच्या बागेतही आपण दोन झाडे लावू या. पाणी घालण्याचे काम आमचा वर्ग करील.

सांगा पाहू

१. हारातले गुलाब सरबतात का घालू नयेत? दोन कारणे सांगा.
२. पेरूचा गर का शिजवत नाहीत?
३. गुलाबाच्या पाण्यात चिंचेचा कोळ घातला तर रंग कोणता होईल? करून पाहा आणि फळ्यावर लिहा.
४. २४ पेल्यांना किती पेरू लागतील?
५. तुमच्या घराजवळ गावठी गुलाब आहे का? त्यावर फवारणी होते का? विचारून या.

पालकांनी कृती उतरून घ्यायची असेल तर खाली पेन्सिल दोरीने बांधून ठेवली आहे. कागद आपला आणावा.

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी